भुरीच्या ताटलीतलं मीठ

२०२३ साल होतं आणि मला एकाहत्तर वर्षं झाली होती. जालन्याच्या एका जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि म्हणाल्या, "बाबा, तुमच्या मांजरीच्या दोन्ही किडन्या खराब झाल्यात. हे बरं होणारं दुखणं नाही. पण जेवण बदललं तर ती काही महिने, नशीब असेल तर वर्षभर, नीट जगेल."

कागद मी हातात घेतला. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. मराठी अक्षर लावून वाचता येतं, पण तो कागद इंग्रजी होता. बाईंनी एका आकड्यावर बोट ठेवलं. क्रिएटिनिन. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की कचरा रक्तातच फिरत राहतो. मग जनावराला मळमळतं, ते खात नाही, पाणी मात्र सारखं पितं आणि आतून वाळत जातं. भुरीचा आकडा असायला पाहिजे त्याच्या तिपटीवर होता.

मी विचारलं, "इंजेक्शन न्हाई का काही?"

"आहे. सलाईन पण आहे. पण खरं औषध तिचं जेवण आहे."

मला हे पटलं नाही. पटलं नाही म्हणून जे झालं ते पुढं लिहितो. ज्यांच्या घरी असं मांजर आजारी आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मी केलं ते तुम्ही करू नका. काही मागे ठेवत नाही.

भुरी आमच्या घरात अकरा वर्षांपासून. रंगाने राखेसारखी, म्हणून भुरी. ती माझी कधीच नव्हती, कौसाची होती. कौसा माझी बायको. तिचे गुडघे गेल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. मुलगा अंकुशनगरला कारखान्यावर, सून सुनिता दिवसभर वावरात, मी इकडेतिकडे. कौसाच्या बाजेवर दिवसभर कोण, तर भुरी. कौसा तिच्याशी बोलायची. दुपारी घरात आलो तर कोणी पाहुणी आली की काय असं वाटायचं.

नवरात्रात कौसा म्हणाली, "आवं, ही लई पाणी पिऊन राह्यली." मी म्हणालो, ऊन तापतंय. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी भुरी माठाखालच्या ताटलीत झिरपलेलं पाणी पीत उभी. मग तिचे केस तेल लावल्यासारखे चिकटले. तोंडाला वास मारू लागला. सकाळी पांढरा फेस ओकायची. कौसाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, हाडं लागायलीत हाताला, जल्दी दाखवा कोणाला तरी.

मंठ्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचं काम. तिथल्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि जालन्याला न्यायला सांगितलं. भुरीला डालग्यात घालून, तोंडावर लुगड्याचं फडकं बांधून मी एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, कोंबड्या का? मी म्हणालो, पेशंट हाय. तो हसला. मी हसलो नाही.

दवाखान्यात बसायच्या जागेला पट्ट्यातली शहरी कुत्री होती आणि मी डालगं घेऊन. वजन केलं, दोन किलो शंभर ग्रॅम. पायातून रक्त काढलं. दोन तास बसलो. मग तो कागद आला.

बाईंनी जे जेवण सांगितलं त्याचं नाव रिनल डाएट. रिनल म्हणजे किडनीचं. त्यात मीठ कमी असतं. फॉस्फरसही कमी असतो. मासळी, मटण, दूध यांत तो जास्त असतो आणि थकलेल्या किडनीला तो बाहेर टाकता येत नाही. दोन प्रकारांत मिळतं. एक कोरडे दाणे, एक पाकिटातला ओला लगदा. दाणे पाहिले तर सरकीची पेंड चुरल्यासारखे. मला वाटलं, हे मांजराचं खाणं आहे की गाईचं?

बाईंनी सावकाश सांगितलं. एकदम बदलायचं नाही. आधी रोजच्या जेवणात चिमूटभर नवं मिसळायचं, मग वाढवत न्यायचं, पंधरा दिवस, महिना, लागेल तेवढे दिवस. कोमट करून द्यायचं म्हणजे वास सुटतो. जबरदस्ती बिलकुल करायची नाही. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर बिघडतं, म्हणून एक दिवस जरी खाल्लं नाही तरी फोन करायचा. दूध, मासळी, मीठ बंद. मिठाचं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी मान हलवत होतो. मनात वेगळंच चाललं होतं. आम्ही धनगर. मी चाळीस वर्षं मेंढरं राखली. मंठ्यापासून अंबडपर्यंत वाडे बसवले, म्हणजे खतासाठी लोकांच्या वावरात मेंढरं बसवली. लोक आजारी शेरडू, आजारी वासरू माझ्याकडे आणायचे आणि माझ्या हाताला गुण यायचा. एवढ्याशा मांजरीला खायला लावायचं मला ही कालची पोरगी शिकवणार?

घरी आलो आणि पहिली चूक केली. तिच्या दुधाची वाटी उचलली, भाकरीचा काला बंद केला, आणि पुढे नुसते ते दाणे ठेवले. कौसा म्हणाली, बाईनं हळूहळू सांगितलंय ना? मी म्हणालो, चारा बदलला की मेंढरूसुद्धा दोन दिवस तोंड फिरवतंच, भूक लागली की खाईल.

भुरी आली. हुंगलं. आणि ताटलीच्या भोवतालची जमीन पंजाने खरवडू लागली, मांजर घाण झाकतं तशी.

कौसा बाजेवरून म्हणाली, "घ्या. तुमच्या खाद्याला माती देऊन राह्यली."

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी भुरी भिंतीकडे तोंड करून बसली आणि उठेना. सुनिता म्हणाली, मामा, बाईंना फोन लावते. मी म्हणालो, मी हाय ना.

दुसरी चूक नळीची. मेंढराला औषध पाजायला आमच्याकडे बांबूची नळी असते, एक टोक तिरपं कापलेलं. मेंढराचं डोकं मांडीत धरायचं, तोंडाच्या कोपऱ्यातून नळी आत सरकवायची आणि ओतायचं. मेंढरू धडपडतं, पण गिळतं. मी हे हजार वेळा केलं असेल. ओला लगदा पाण्यात कालवला, भुरीला गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि ओतला. दोन घोट तिने गिळले. तिसऱ्याला ठसका लागला, नाकातून आलं, तिने पुढचा पाय सोडवून माझं मनगट फाडलं. सुनिता दारात होती. म्हणाली, "मामा, सोडा तिला."

मी सोडलं नाही. चौथा घोट पाजला, मग सोडलं.

त्या दिवसापासून मी ताटलीला हात लावला की भुरी धान्याच्या कणगीमागे. नुसतं माझं पाऊल वाजलं तरी कणगीमागे. अकरा वर्षं ज्या घरात वावरली त्या घरात ती माझ्यापासून लपू लागली. मी म्हणालो, हट्टी जनावर आहे. पाचवा दिवस उजाडला आणि पोटात ते चार घोट सोडून काही नाही.

आता तिसरी चूक. ही लिहायला जड जातंय.

मेंढराने चारा सोडला की आम्ही त्याला मीठ चाटवतो. निरोगी कळपालाही मिठाचा दिवस असतो. सपाट दगडावर खडेमीठ पसरायचं, मेंढरं धावत येतात, चाटतात, पाणी पितात आणि चाऱ्याला लागतात. माझ्या वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. याच्यापुढचं औषध मला माहीत नाही. मंठ्याच्या बाजारातून मी सुकट आणलं. गोठ्यात तव्यावर भाजलं, मूठभर मिठासकट कुटलं आणि त्याची पूड डब्यात भरली. कौसा अंघोळीला होती तेव्हा बाईंच्या ओल्या खाद्यात ती पूड कालवली, ताटली कणगीजवळ ठेवली आणि बाहेर निघून गेलो. तासाभराने आलो तर ताटली अर्धी रिकामी.

मी कौसाला हाक मारली. "बघ. खायला लागली."

कौसा भिंतीला धरून धरून आली, ताटली पाहिली आणि तिच्या डोळ्याला पाणी आलं. म्हणाली, तुमच्या हाताला अजून गुण हाय.

मी पुडीचं सांगितलं नाही. विसरलो नाही, सांगितलं नाही. बाईंनी दोनदा मीठ नको म्हटलं होतं ते मला बराबर आठवत होतं. पण कौसाने असं म्हटल्यावर मला सांगवेना. आणि मनात हेही होतं की बाईंचं पुस्तक एकीकडे आणि आमची रीत एकीकडे, जनावर खातंय म्हणजे आमचंच खरं.

अठरा दिवस मी असं केलं. रोज दोनदा. ताटलीला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचो नाही, माझंच काम म्हणायचो. खाद्याला मुळात मासळीचा वास होता, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. एकदा बाईंचा फोन आला. सुनिताने फोनचा आवाज मोठा केला. बाईंनी विचारलं, या खाद्याशिवाय दुसरं काही देता का? सुनिता म्हणाली, काहीच नाही. मी तिथेच विळ्याला दगड लावत बसलो होतो. लावत राहिलो.

भुरी पाणी आणखीच पिऊ लागली. मीठ खाल्लं की मेंढरू पाणी पितं, पाणी प्यालं की अंग धरतं. मला ते चांगलं लक्षण वाटलं. कौसा म्हणायची, अंग कुठं धरून राह्यली? मी म्हणायचो, धरंल.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी भुरी बाजेवरून उतरली, दाराकडे निघाली आणि चौकटीवर डोकं आपटलं. वळली, रांजणावर आपटली. कौसाने हाक मारली तर तोंड आवाजाकडे केलं, पण नजर कौसाच्या पलीकडे. दारातून ऊन आत आलं होतं. उन्हात मांजराच्या डोळ्यातली बाहुली बारीक रेघेसारखी होते. भुरीच्या बाहुल्या पूर्ण उघड्या, काळ्या, विहिरीत वाकून पाहिल्यासारख्या. कौसाने तिच्या तोंडापुढे बोटं हलवली.

"हिला दिसंना," कौसा म्हणाली.

जालन्याला निघालो तर कौसा म्हणाली, मी पण येते. दीड वर्ष तिने वेस ओलांडली नव्हती. एसटीच्या पायरीवर मी आणि एका अनोळखी बाईने तिला उचलून चढवलं. जालन्यापर्यंत तिने डालगं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दवाखान्यात भुरीच्या शेपटीला एक लहान पट्टा बांधून ब्लड प्रेशर मोजलं. मांजरालाही प्रेशर असतं हे मला तेव्हा कळलं. किडनी बिघडली की ते वाढतं. इतकं वाढलं होतं की डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. त्या पडद्याला रेटिना म्हणतात, त्याच्यावर चित्र उमटतं म्हणून दिसतं. बाई म्हणाल्या, गोळी सुरू करू, पण नजर परत येईल असं वाटत नाही. रक्त पुन्हा तपासलं. क्रिएटिनिन खाली यायच्या ऐवजी वर गेलं होतं.

बाईंनी आधीचा आणि आताचा कागद शेजारी ठेवला. मग म्हणाल्या, "हे खाद्य खाऊन एवढं वाढायला नको. तिला काय काय घालता, सगळं सांगा."

कौसा म्हणाली, "तुमचंच खाद्य, बाई. दुसरं बिलकुल न्हाई. खातच नव्हती, ह्यांनी लावली तिला सवय." हे तिने मान वर करून सांगितलं. माझ्यासाठी तिने मान वर केली होती.

मी म्हणालो, "मीठ घालतो मी त्याच्यात. सुकट अन् मीठ."

"किती?"

मी तळहातावर चिमटीने खूण करून दाखवलं.

"कधीपासून?"

"पहिल्या घासापासून. अठरा दिवस झाले."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उठून आलो असतो, माझा स्वभाव तसा आहे. त्या म्हणाल्या, "मिठानेच डोळे गेले असं मी छातीठोक सांगणार नाही, बाबा. या आजारात प्रेशर तसंही वाढतं. पण ज्या खाद्याने तिला दिवस मिळणार होते, ते तुम्ही लागू होऊ दिलं नाही. हे अठरा दिवस तिच्याकडे फार नव्हते."

कौसाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती भुरीच्या कानामागे बोट फिरवत राहिली.

मग बाईंनी माझं मनगट पाहिलं आणि ओरखडे कसले विचारलं. मी नळीचंही सांगितलं. एकदा तोंड उघडलं तर आता काय ठेवायचं? बाईंनी जे समजावलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण आधी माझ्या डोक्यात ते शिरलं असतं तर बरं झालं असतं.

"ती हट्टी नाही, तिला मळमळतं. मळमळत असताना जे पुढ्यात येतं त्याच्यामुळेच मळमळतंय असं मांजर धरून बसतं, आणि मग त्या वासाचा तिला कायमचा तिटकारा बसतो. त्यात जबरदस्ती झाली की संपलंच. म्हणून आधी मळमळीचं औषध. दहा दिवस हे खाद्य घरात उघडूसुद्धा नका. बिनमिठाची उकडलेली कोंबडी द्या, खाईल तेवढी. मग दुसऱ्या चवीचं किडनीचं खाद्य देते, त्याची सुरुवात कणाकणाने. ताटली वेगळी, जागा वेगळी, हातही वेगळा." मग मला विचारलं, "तुम्ही समोर असताना तिने कधी खाल्लंय का?"

मी आठवून पाहिलं. "न्हाई."

"मग तुमचा हात नको, बाबा. ती खात असताना तुम्ही घरातही नसलेलं बरं. आता तिला दिसत नाही. वास आणि पावलांचा आवाज एवढंच तिच्याकडे आहे, आणि तुमच्या वासाला ती भिते."

मला आयुष्यात तहसिलीत, बाजारात, वावरांच्या बांधांवर लोक पुष्कळ बोललेत. दोन दिवसांत विसरलो. हे विसरलो नाही. जनावर माझ्या वासाला भितं, हे ऐकायला मी एकाहत्तर वर्षांचा झालो होतो.

परतीच्या वाटेतही डालगं कौसाच्या मांडीवरच होतं. मंठा गेलं, आमचा फाटा जवळ आला तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला तरी सांगायचं." त्यानंतर त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिवसातून चार वेळा मी घराबाहेर. जाऊन मारुतीच्या पारावर बसायचो. गावाला कळायला किती वेळ लागतो? रंगनाथ म्हणून माझा एक जुना जोडीदार आहे, तो लांबूनच म्हणायचा, "काय आबा, मांजरीनं हद्दपार केलं म्हणे?" मी म्हणायचो, व्हय, सजा किती दिवसाची ते अजून सांगितलं न्हाई. कोणी म्हणायचं, लोकाला दवाखाना मिळंना अन् हे मांजरीला चौथ्यांदा घेऊन निघाले. वर्षापूर्वी दुसऱ्या कोणाचं मांजर असतं तर हेच मी बोललो असतो.

घरात काय चाललंय ते मला सुनिताकडून कळायचं. ती दारात येऊन हात करायची, म्हणजे जेवण झालं, आता या. जाताना सांगायची. आज हुंगलं. आज तोंड फिरवलं. आज जिभेने लावलं, मामा.

कौसाने काय केलं ते लिहितो, कारण उपयोगाचं तेवढंच आहे. ती जमिनीवर बसली. गुडघे गेल्यापासून जमिनीवर बसत नव्हती, उठताना सुनिताला तिला काखेत धरून उचलावं लागायचं, दिवसातून चारदा. आधी गोळीचं काम सुनिता उरकायची, आणि गोळीची जागा वेगळी, जेवणाची वेगळी, म्हणजे कडू चवीचा राग जेवणावर निघत नाही. मग लगद्याची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, अंगाच्या उबेएवढी, जास्त नाही. कोंबडीच्या उकडलेल्या धाग्यात तांदळाच्या दाण्याएवढं नवं खाद्य दडवायचं. तोंडात घालायचं नाही, बोटावर घेऊन नाकापासून वीतभर लांब धरायचं आणि थांबायचं. मांजराने स्वतः मान पुढे केली तर ठीक. तोंड फिरवलं तर वाटी लगेच उचलायची, पुढ्यात पडू द्यायची नाही, आणि तासभर नाव काढायचं नाही. एक दाणा पाच दिवस. मग दोन. मध्येच एका दिवशी तिने सगळं सोडलं, तर पुन्हा एकापासून. कोणी घाई केली नाही. घाई करणारा पारावर बसला होता.

एकदा मला राहवलं नाही. मागच्या बाजूने येऊन खिडकीखाली उभा राहिलो, चप्पल हातात घेऊन. आत भुरीचं चाटणं ऐकू येत होतं, बारीक, भुरके मारल्यासारखं. मग ते थांबलं. कौसा खिडकीकडे न बघताच म्हणाली, "जावा तिकडं."

मी गेलो.

सगळं जेवण नव्या खाद्यावर यायला सहा आठवडे लागले. सुनिताने त्वचेखाली सलाईन द्यायला शिकून घेतलं. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत धरून सुई घालायची, पाणी आत गेलं की तिथे उंटासारखा फुगवटा येतो आणि दिवसभरात जिरतो. संक्रांतीनंतर जालन्याला नेलं तेव्हा वजन दोन किलो तीनशे भरलं, आणि आकडा थोडा खाली आला होता. बाई कौसाला फोनवर म्हणाल्या, हे औषधाने नाही, तुमच्या हाताने झालंय. कौसा लाजली. नजर आली नाही. भुरी मिशांनी घर शिकली, चौकट, रांजण, बाजेचा पाय. सकाळी उंबऱ्यात ऊन यायचं तिथे बराबर जाऊन बसायची.

बरी झाली असं कोणी समजू नये. या आजारात बरं होणं नसतं. चांगले दिवस मोजके असतात, आणि त्यातले अठरा मी मिठात घातले.

मे महिन्यात तिने पुन्हा खाणं टाकलं. या वेळी कोणाचीच चूक नव्हती. बाई म्हणाल्या, आता औषधाच्या हातात राहिलं नाही, दवाखान्यात आणलं तर इंजेक्शन देऊन शांत झोपवता येईल, त्रास होणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी ते करावं, त्यात पाप नाही असं मला आता वाटतं. कौसा म्हणाली, एसटीत हिचे हाल नको. तीन दिवस भुरी कौसाच्या मांडीवर होती. कौसा बोटाने तिच्या ओठाला पाणी लावायची. मी उंबऱ्याच्या बाहेर बसून होतो. मी खोकलो की तिचा एक कान माझ्याकडे फिरायचा. तेवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. कौसाने मला आत बोलावलं. मी तिला उचललं तेव्हा ती पळाली नाही, पळणार कुठून? बांधावर खड्डा काढला, खोल काढला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. कौसा संध्याकाळी जेवली नाही. मी भाकरी पुढ्यात घेतली आणि ठेवून दिली.

बाईंचे उपकार आहेत. त्यांनी मला माझी चूक सांगितली आणि तरी दर वेळी आधी खुर्ची दिली. सुनिताचे आहेत. कौसाचे मानायचे तर तिला ते आवडणार नाही. मला एवढं समजलं की चाळीस वर्षं मी जनावरांना पाजलं, ढोसलं, चाटवलं, आणि ती जगली म्हणून मी स्वतःला जाणता समजलो. जनावर काय म्हणतंय ते मी कधी ऐकलं नव्हतं. मेंढरं पुष्कळ होती, एखादं मेलं तर कळपात दिसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली पाकिटं आणि अर्धी पिशवी दाणे घेऊन मी पहिल्या एसटीने जालन्याला गेलो. कौसाने विचारलं नाही, मीच सांगितलं, कोणाच्या तरी कामाला येईल. दवाखाना नुकता उघडला होता, बाई यायच्या होत्या. बाकावर अंबडची एक बाई पिवळा बोका पिशवीत घेऊन बसली होती, पन्नाशीची असेल. बोक्याला तोच आजार, तेच खाद्य सांगितलेलं. ती म्हणाली, आठ दिवस झाले, तोंड लावंना, पण आज घरी गेल्यावर धरून तोंडात घालणार. "बोका हट्टी हाय, पर मी त्याच्याहून हट्टी हाय, बाबा."

मी पाकिटं तिच्या बाजूला ठेवली आणि बाकावर बसलो. पहिल्यापासून सांगितलं. तीन दिवस उपाशी ठेवलं ते, नळी, मीठ, कौसाला आणि बाईंना फसवलं ते, चौकटीवर डोकं आपटलं ते. समोर कुत्रा घेऊन बसलेला माणूस ऐकत होता, कंपाउंडर झाडू थांबवून ऐकत होता. मी आवाज कमी केला नाही.

त्या बाईने पिशवीचं तोंड सैल करून बोक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग तुमची खायला लागली का शेवटी?"

"लागली," मी म्हणालो. "माझ्या हातानं न्हाई."